मदत हवी आहे: डोनर स्पर्मने आययूआय (दात्याचे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं), बेळगावात की कोल्हापुरात? घरातल्या माणसाचं चालतं काय?

मलप्रभाकाठ
आम्ही खानापूर तालुक्यातले. पत्नी ३१ वर्षांची, पाळी २८-२९ दिवसांनी नियमित, एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) २.४, एचएसजीत (गर्भनलिकांच्या एक्स-रेत) दोन्ही ट्यूब मोकळ्या. माझ्या वीर्य तपासणीचे दोन रिपोर्ट आहेत, दोन्हीत शुक्राणू शून्य. प्रमाण ०.८ आणि ०.९ मिली, पीएच ६.८, फ्रुक्टोज निगेटिव्ह. एफएसएच (वृषणाला चालना देणारं हार्मोन) ४.६, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल. डॉक्टर डोनर स्पर्मचं आययूआय करा म्हणालेत.

घरातले म्हणायलेत, बाहेरचं कशाला, धाकट्या भावाचं घ्या की. चालतं काय? बेळगावात करावं की कोल्हापूरला जावं? आणि जन्मदाखल्यावर बाप म्हणून कोणाचं नाव येतं?

टिळकवाडी_लॅब
डोनरकडे वळण्याआधी तुमचाच रिपोर्ट परत वाचूया, कारण त्यात बरंच काही लिहिलंय.

वीर्यातला मोठा भाग वीर्यकोशातून येतो. तो अल्कधर्मी असतो आणि फ्रुक्टोज त्यातच असतं. तुमचं प्रमाण कमी, पीएच आम्लाकडे आणि फ्रुक्टोज नाही. म्हणजे बाहेर येतंय ते बहुतेक प्रोस्टेटचंच पाणी. एफएसएच ४.६ म्हणजे नॉर्मल आहे, तेव्हा वृषणात शुक्राणू तयार होत असण्याची शक्यता चांगली आहे. ते बाहेर येण्याची वाट नाही, असं हे चित्र दिसतं. कारणं दोन: शुक्रवाहिनी जन्मतःच नसणे, किंवा पुढे नळीच्या तोंडाशी अडथळा. नमुना देताना पहिला भाग सांडला तरी प्रमाण कमी येतं, पण दोन्ही वेळा सगळे आकडे एकाच दिशेला आहेत, म्हणून सांडल्याचा संशय कमी.

युरोलॉजिस्टला दाखवा, तेही अँड्रॉलॉजी (पुरुषांचं वंध्यत्व) करणाऱ्यालाच. शुक्रवाहिनी आहे की नाही हे नुसत्या बोटांनी चाचपूनही कळतं. ती नसेल तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करा, कारण अशा काही पुरुषांत दोनपैकी एक मूत्रपिंड नसतं. अडथळा वाटला तर गुदमार्गातून सोनोग्राफी. तोंडाशी अडथळा निघाला तर दुर्बिणीतून मोकळा करता येतो. वाहिनीच नसेल तर सुईने शुक्राणू काढून इक्सी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू अंड्यात टोचणं) होतं आणि मूल तुमच्याच बीजाचं होतं. फक्त त्याआधी सीएफटीआर जनुकाची तपासणी दोघांचीही करायला हवी. दोघांतही दोष निघाला तर बाळाला सिस्टिक फायब्रोसिसचा (फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार) धोका असतो.

इक्सीचा खर्च आययूआयच्या कितीतरी पट आहे, म्हणून डोनरच नको असं मी म्हणत नाही. पण हा पर्याय कुणी समोर ठेवला नसेल तर आधी तो ठेवायला सांगा.

निपाणी_वकील
भावाचं चालत नाही. एआरटी कायदा (वंध्यत्व उपचारांच्या तंत्रांचा) २०२१ चा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू, आणि केंद्राचा आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अल्याड-पल्याड नियम एकच. डोनरची निवड, तपासणी आणि साठवण नोंदणीकृत एआरटी बँकेनेच करायची. डोनर २१ ते ५५ वयाचा हवा. त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसची तपासणी होते. नमुना गोठवून सहा महिने बाजूला ठेवतात आणि डोनरची परत तपासणी झाल्यावरच वापरतात. ताज्या संसर्गात पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ही वाट बघावी लागते. घरगुती सोयीत हे काहीच होत नाही, आणि पुढे वाटणीच्या वेळी किंवा भांडणात भाऊ काय बोलेल त्याला तर कागदच नाही.

बँकेच्या वाटेने गेलात तर मूल कायद्याने तुम्हा दोघांचंच. डोनरचा हक्क संपतो. दाखल्यावर तुमचं नाव, डोनरचा उल्लेख कुठेच नाही. एका डोनरचं बीज एकाच जोडप्याला देता येतं. दुसऱ्या मुलासाठी तोच डोनर हवा असेल तर जास्तीच्या कुप्या आत्ताच राखून ठेवायला सांगा. साठवण जास्तीत जास्त १० वर्षं.

रक्तगट, उंची, वर्ण यांची पसंती सांगता येते. नाव-गाव मिळत नाही. मुलगाच हवा, असं कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

संमतीपत्रावर दोघांच्याही सह्या लागतात. कागद इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीत वाचून दाखवायला सांगा. न समजता सही करू नका. बीज गर्भाशयात सोडेपर्यंत संमती मागेही घेता येते.

मलप्रभाकाठ
आभारी आहे. युरोलॉजिस्टची वेळ घेतो. पण इक्सीचं बजेट बसलं नाही तर आययूआयला कोणत्या दिवशी काय असतं? दर वेळी रजा काढावी लागणार.

चिकोडी_सिस्टर
पाळीचा पहिला दिवस धरून मोजा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी. अंडं वाढवायच्या गोळ्या दिल्या तर साधारण लेट्रोझोल २.५ किंवा ५ मिग्रॅ, पाच दिवस. नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिकल (ज्यात अंडं वाढतं ती पिशवी) स्कॅन, एक-दोन दिवसाआड. फॉलिकल १८-२० मिमी आणि गर्भाशयाचं अस्तर ७ मिमीच्या वर असलं की ट्रिगर इंजेक्शन (अंडं बाहेर पडायला लावणारं). त्यानंतर सुमारे ३६ तासांनी आययूआय. सोमवारी रात्री १० ला इंजेक्शन, तर बुधवारी सकाळी १० ला क्लिनिकमध्ये.

ही वेळ पाळाच. गोठवून वितळवलेले शुक्राणू ताज्यांपेक्षा कमी वेळ टिकतात. घरच्या नमुन्यात आधल्या-नंतरच्या दिवसांची जी मोकळीक असते ती इथे नाही. स्कॅन वेळेत झाला नाही तर कुपी वाया जाते, म्हणून स्कॅन खानापुरातून जवळ पडेल असं क्लिनिक निवडा. आययूआयपुरतं लेव्हल १ चं नोंदणीकृत क्लिनिक पुरतं. इक्सीला लेव्हल २ लागतं.

मी बेळगावच म्हणेन. कोल्हापूरला सोयी आहेत, पण सीमेवर काही पेटलं की एसटी आणि कर्नाटकच्या बस दोन्ही थांबतात, आणि अंडं कुणासाठी थांबत नाही. तिकडेच जायचं ठरलं तर ट्रिगरच्या आदल्या दिवशीच खाजगी गाडी ठरवून ठेवा. इंजेक्शन गावात घेणार असाल तर ते २ ते ८ अंशांत न्यायचं असतं का विचारून घ्या. थर्मासात बर्फाला थेट टेकवू नका, गोठलं तर निकामी.

टिळकवाडी_लॅब
चिकोडी_सिस्टर, पाळी इतकी नियमित असताना लेट्रोझोल कशाला? ट्यूब मोकळ्या आहेत, अडचण फक्त बीजाची आहे. पहिल्या काही सायकल गोळीशिवाय, लघवीच्या एलएच किटवर (अंडं सुटायची वेळ दाखवणारी पट्टी) आणि स्कॅनवर करता येतात. जुळ्यांचा धोकाही कमी.

चिकोडी_सिस्टर
मान्य. पण खेड्यातून येणाऱ्यांना ट्रिगर दिल्याने वेळ आधी ठरवता येते, म्हणून गोळी नसली तरी ट्रिगर ठेवा. गोळी घेतली आणि तीन किंवा जास्त फॉलिकल मोठे झाले तर ती सायकल सोडून द्यायची, तिळ्यांची जोखीम घ्यायची नाही.

वहिनींच्या तपासण्या आधीच उरका: थायरॉइड, रुबेला, रक्तगट, एचपीएलसी (थॅलेसेमियाची रक्ततपासणी). थॅलेसेमियाची वाहक निघाली तर डोनर वाहक नसलेलाच घ्यायचा, हे बँकेला लेखी कळवा. रुबेलाची लस लागली तर त्यानंतर महिनाभर थांबायचं. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम आत्तापासून.

प्रत्येक सायकलला यश साधारण १० ते २० टक्के धरा. तीन ते सहा सायकलनंतरही झालं नाही तर पुढचा विचार. दर विचारताना कुपी, वाहतूक, वॉश (शुक्राणू धुऊन वेगळे करणं), स्कॅन, इंजेक्शन असं वेगवेगळं लिहून घ्या. पॅकेज म्हणून एकच आकडा सांगतात, त्यात कुपी धरलेली नसते.

आययूआयनंतर दहा-पंधरा मिनिटं पडून राहिलं की पुरे, बसने परत जाता येतं. आणि घरी चाचणी १४ दिवसांच्या आत करू नका. ट्रिगरमधलं एचसीजी (चाचणी जे हार्मोन शोधते तेच) अंगात असेपर्यंत पट्टीवर खोट्या दोन रेघा येतात.