वाढता नंबर रोखणाऱ्या काचा मुलांना घ्याव्यात का?

निळी शाई (मूळ लेखन):

माझ्या मुलीला सातव्या वर्षी उणे सव्वाचा चष्मा लागला आणि दहा महिन्यांत तो नंबर उणे दोनवर गेला. तेव्हा नेत्रतज्ज्ञांनी नेहमीच्या काचांऐवजी नंबर वाढण्याचा वेग कमी करणाऱ्या काचा सुचवल्या. गेली दीड वर्षे ती त्याच वापरते आहे. ज्या मुलाचा नंबर लहान वयात भराभर वाढतो, त्याच्या पालकांना हा पर्याय सांगितलाच गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तिची काच खिडकीसमोर तिरपी धरली, की मधला स्वच्छ भाग सोडून भोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे सुमारे एक मिलिमीटर रुंदीचे भिंग असते. मधल्या भागातून मुलीला फळा स्पष्ट दिसतो आणि त्याच वेळी भोवतीची सुमारे चारशे भिंगे प्रकाशाचा काही भाग डोळ्याच्या पडद्याच्या अलीकडे एकवटतात. प्रतिमा पडद्याच्या मागे पडत राहिली तर नेत्रगोल लांब होत जातो आणि अलीकडे पडली तर त्याची वाढ मंदावते, हे कोंबडीच्या पिल्लांवरील व माकडांवरील प्रयोगांतून आधीच दिसले होते. याच तत्त्वावर हाँगकाँग पॉलिटेक्निक विद्यापीठाने होया कंपनीबरोबर या काचा विकसित केल्या. तेथील ८ ते १३ वर्षांच्या १६० मुलांनी दोन वर्षांची चाचणी पूर्ण केली. साध्या काचा वापरणाऱ्यांचा नंबर सरासरी ०.८५ ने वाढला, तर या काचा वापरणाऱ्यांचा ०.४१ ने. नेत्रगोलाची लांबी अनुक्रमे ०.५५ आणि ०.२१ मिलिमीटरने वाढली. मला हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा वाटत नाही.

गावशाळा:

आपली काळजी मला समजते, पण मी आपल्याशी सहमत नाही. आपण दिलेल्याच आकड्यांची वजाबाकी केली, तर दोन वर्षांतला फरक ०.४४ इतका, म्हणजे अर्ध्या नंबराहूनही कमी भरतो. दुकानात मात्र हीच गोष्ट ‘वाढ बावन्न टक्क्यांनी कमी’ अशी सांगितली जाते आणि नंबर अर्ध्यावर थांबणार, असे समजून पालक घरी जातात. साध्या काचांच्या अनेक पट किंमत मोजायला लावताना टक्केवारी पुढे करायची आणि प्रत्यक्ष फरक झाकून ठेवायचा, हे मला योग्य वाटत नाही.

मी माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा फळ्यावरचे न उतरवता शेजाऱ्याच्या वहीत पाहून लिहीत असे. तो आळशी आहे असे मलाही काही महिने वाटत होते, याचे आजही वाईट वाटते. शाळेतल्या तपासणीत त्याला उणे पावणेदोनचा नंबर निघाला आणि साधा चष्मा हातात पडेपर्यंत सहामाही परीक्षा उलटून गेली. जिथे साधी काच वेळेवर मिळत नाही, तिथे महागड्या काचांचा आग्रह धरण्याऐवजी मुलांना मैदानावर सोडावे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवल्यावर तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टिता (लांबचे धूसर दिसणे, म्हणजे उणे नंबर) आलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले, तर असा तास नसलेल्या शाळांत ते ३९.५ टक्के होते. तैवानने २०१० पासून रोज दोन तास बाहेर, असा कार्यक्रमच हाती घेतला. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

नेत्रमापक:

मी अठरा वर्षे मुलांचे डोळे तपासतो आहे. गुरुजी, मैदानाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, परंतु त्याचा भक्कम पुरावा चष्मा लागू नये किंवा उशिरा लागावा यासाठीचा आहे. एकदा लागलेला नंबर वाढू न देण्यात उन्हाचा उपयोग बराच कमी दिसतो. त्यामुळे मैदान आणि या काचा ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे नव्हेत.

अर्ध्या नंबराला क्षुल्लक समजू नये, असेही मला वाटते. नंबर जितका मोठा, तितका नेत्रगोल ताणलेला आणि पडदा पातळ. उणे सहाच्या पुढे पडदा सुटणे, पडद्याच्या मध्यभागाची झीज होणे आणि काचबिंदू यांचा धोका ठळकपणे वाढतो. सातव्या वर्षी उणे दोन असलेल्या मुलीपुढे नंबर वाढण्याची आणखी आठ-दहा वर्षे असतात. तिची गोष्ट वेगळी आणि चौदाव्या वर्षी पाऊण नंबर लागलेल्या मुलाची वेगळी. त्या मुलाला या काचा विकणे मी चूकच मानतो.

या काचांच्या वापरात मात्र फार ढिलाई दिसते. डोळ्यांत थेंब घालून तपासणी न करता, नेत्रगोलाची लांबी न मोजता काचा दिल्या जातात. फ्रेम सैल असली की चष्मा नाकावरून घसरतो, मूल वरच्या कडेवरून पाहते आणि मधला भाग बुबुळासमोर राहतच नाही. चीनमधील वेंझौ येथे दुसऱ्या एका बनावटीच्या काचांची चाचणी झाली, तिच्यात दिवसाला किमान बारा तास चष्मा घालणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला. केवळ शाळेपुरता चष्मा लावायचा असेल, तर हा खर्च करू नये.

गावशाळा:

मैदानाविषयीची दुरुस्ती मला मान्य आहे. तरीही एक आक्षेप उरतोच. या चाचण्यांनी नंबर मोजला, लांबी मोजली. पण या काचा वापरलेल्या मुलांचे पडदे पन्नाशीत कमी सुटले, असे कोणी दाखवलेले नाही आणि इतक्यात दाखवताही येणार नाही. धोका कमी होण्याचा हिशेब आज तरी अनुमानाचाच आहे, आणि कर्ज काढून काचा घेऊ पाहणाऱ्या पालकाला तो अनुमानाचा आहे हे आधी सांगितले पाहिजे.

निळी शाई:

हे मला कोणीही सांगितले नव्हते, ही गोष्ट मी मान्य करते. दीड वर्षात मुलीचा नंबर पाव नंबराने वाढला. साध्या काचांनी किती वाढला असता, हे तिच्या बाबतीत कधीच कळणार नाही, म्हणून तिचे उदाहरण मी पुरावा म्हणून मांडत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा काचांपैकी एका प्रकाराला मान्यता दिली, ती पाहूनही मला धीर आला. परंतु ज्या दुकानातून आम्ही पहिली जोडी घेतली, तेथे लांबी मोजलीच नव्हती आणि मी विचारलेही नाही. नेत्रमापक यांचे लेखन वाचून काल तिची फ्रेम पाहिली, तर ती खरोखरच घसरत होती.

गावशाळा:

नेत्रमापक, माझ्या त्या विद्यार्थ्याचे वय अकरा आहे. या काचा त्याच्या घरच्यांना परवडणार नाहीत आणि लांबी मोजणारे यंत्र आमच्या जवळपास नाही. त्याच्यासाठी काय करावे?

नेत्रमापक:

त्याला पूर्ण नंबराचा साधा चष्मा द्या आणि तो दिवसभर घालू द्या. चष्म्यामुळे नंबर वाढतो, या समजुतीने कमी नंबराची काच देणारे अजून भेटतात. मलेशियातील २००२ च्या अभ्यासात अशी काच दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला होता. दर सहा महिन्यांनी जिल्हा रुग्णालयात थेंब घालून तपासणी करून घ्या आणि प्रत्येक वेळचा नंबर तारखेसह एकाच वहीत लिहून ठेवा. वर्षात अर्ध्याहून अधिक वाढ दिसली, तर ती वही घेऊन नेत्रतज्ज्ञांना भेटा आणि नंबर वाढण्याचा वेग कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कमी तीव्रतेच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल विचारा. रात्री एक थेंब घालायचा असतो आणि त्यांचा खर्च या काचांपेक्षा पालकांना झेपण्याजोगा असतो.