चार दिवस ऊन पडलं म्हणजे बर्फ बसला का?

अंबाझरीकर: फेब्रुवारीत मनालीच्या वर स्की टूरिंगला चौघं जातोय. बर्फ जेमतेम मीटरभर. गाईड म्हणतो, चार दिवस आभाळ निरभ्र आहे, आता बर्फ घसरून हिमस्खलन होत नाही. खरं का? आणि इथे नागपुरात बसून काय तयारी करावी?

दगडमाती: अर्धंच खरं, भाऊ. नवा पडलेला बर्फ एकदोन दिवसांत बसतो, पण भीती तळच्या थराची. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर रात्री उणे १५. थर पातळ असला की दर १० सेंटीमीटरला १ अंशाहून जास्त फरक पडतो आणि तळचे कण साखरेसारखे सुटे होतात. म्हणजे ही निरभ्र थंड रात्रच दुखणं वाढवते! उत्तरेकडच्या सावलीच्या उतारांवर असा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. पाय ठेवताच ‘वुम्फ’ असा दबका आवाज आला की तिथूनच मागे फिरा. डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा (जुनी ‘सासे’) हिमस्खलनाचा इशारा रोज बघाच.

उतारमाप: खड्डा खणून बघा. उताराला आडवा ९० सेंटीमीटर, उताराच्या दिशेने ३० असा बर्फाचा खांब मागूनही कापून सुटा करायचा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून १० थापा मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. फट पडली त्याच किंवा पुढच्याच थापेला ती अख्ख्या ९० सेंटीमीटरभर पळाली, तर ३० अंशांवरचा उतार सोडा. नाही पळाली तरी परवाना मिळाला असं नाही, चार पावलांवर थर वेगळा असतो. उतार फोनच्या क्लिनोमीटरने मोजा. स्लॅब (घट्ट बर्फाच्या लाद्या) बहुतेक ३० ते ४५ अंशांत सुटतात. वर असा उतार असेल तर खालच्या सपाटीवरही थांबू नका.

अंबाझरीकर: बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं, अंगावर बांधायचं रेडिओ यंत्र) भाड्याने मिळतोय, तेवढा पुरे ना?

दगडमाती: नुसता बीकन म्हणजे नुसता पत्ता. प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब घडीची काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाच्या पाठीवर हवं. गाडलेल्याला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा. सराव नागपुरातच करा: चालू बीकन पिशवीत घालून मैदानातल्या पालापाचोळ्यात लपवा, दुसऱ्याने शोधायचा. शोधताना फोन बीकनपासून ५० सेंटीमीटर लांब, एरवी २०. शेवटचे ३ मीटर बीकन जमिनीलगत, हळू. मग २५ सेंटीमीटरच्या अंतराने गोल फिरत प्रोब मारा. प्रोब माणसाला लागला की तो तसाच रोवून ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने खणा, डोक्यावरून नाही.