शब्दचर्चा: ‘कमिंग ऑफ एज’ला मराठीत काय म्हणावं? (निमित्त झेक सिनेमाचं)

प्रश्न

आमच्या छोट्या चित्रपट मंडळात पुढच्या महिन्यात तीन झेक सिनेमे दाखवतोय: मिलोश फोरमनचा ‘चेर्नी पेत्र’ (१९६४), यिर्झी मेंझेलचा ‘ऑस्तर्झे स्लेदोवाने व्लाकी’ (१९६६) आणि यान हर्झेबेयकचा ‘पेलीश्की’ (१९९९). पत्रक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलं, ‘वयात येणाऱ्या मुलांचे आणि पिढ्यांमधील संघर्षाचे चित्रपट’. मंडळातल्या एका काकांनी ते वाचून विचारलं, “आरोग्य शिबिर ठेवलंय का मुलींचं?”

‘वयात येणे’ नको, हे तेव्हाच कळलं. मग काय? आणि ‘संघर्ष’ चालेल का?

प्रतिसाद १

‘मिसरूड फुटणे’ घ्या. नुसतं वय कळतं, शिबिर वाटत नाही. ‘शिंगं फुटणे’ मात्र नको, त्यात बोलणारा नेहमी बापच असतो. आपल्याकडचे बहुतेक वाक्प्रचार बापाच्या बाजूनेच घडलेत म्हणा. बापाची चप्पल मुलाच्या पायाला यायला लागली की त्याला मित्र समजावं, यातही समजायचं कोणी? बापानेच.

प्रतिसाद २

झेकमध्ये यासाठी ‘दोस्पीवानी’ हा साधा शब्द आहे, आणि प्रौढ माणूस म्हणजे ‘दोस्प्येली’. यातल्या ‘स्पे’चं संस्कृत ‘स्फाय्’ धातूशी नातं आहे. स्फाय् म्हणजे वाढणे, फुगणे. ‘स्फीत’ त्यातूनच, आणि आपली चलनस्फीतीही. म्हणजे झेक प्रौढ आणि आपली महागाई एकाच मुळावरची.

याहून गंमत ‘ज्रली’ या शब्दाची (ज ‘जरासा’तला). अर्थ पिकलेला, परिपक्व. त्याचं नातं कोणाशी? तर ‘जरा’, ‘जीर्ण’, ‘जरठ’ यांच्याशी. एकच मूळ तिकडे पिकण्यावर थांबलं, इकडे थेट म्हातारपणाला पोचलं. ‘जरठ-कुमारी विवाह’ या जोडशब्दातला जरठ तिकडे असता तर नुसता पाडाला आलेला ठरला असता!

प्रतिसाद ३

मला ‘संघर्ष’बद्दल बोलायचंय. सिनेमे पाहिलेत म्हणून सांगतो, तो शब्द काढाच.

‘चेर्नी पेत्र’मध्ये काय होतं? शाळा सोडलेला पोरगा किराणा दुकानात कामाला लागतो. दुकान नव्या पद्धतीचं, गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलायचा. पेत्रचं काम, चोरांवर नजर ठेवायची. त्याला एका माणसाचा संशय येतो. तो त्याच्या मागे दुकानाबाहेर पडतो, गावभर मागे मागे चालतो, आणि विचारायचं धाडस काही होत नाही. संध्याकाळी घरी वडील वाट बघत असतात. मारत नाहीत, घराबाहेर काढत नाहीत. बोलतात. येरझाऱ्या घालत, हात कमरेवर ठेवत, वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून. याला संघर्ष म्हणायचं? हे बोधामृत आहे. वडिलांची भूमिका यान वोस्तर्चिलने केलीय. हा गृहस्थ मूळचा नट नव्हे, बँडमास्टर. शेवटी बाप काहीतरी निर्णायक सांगायला तोंड उघडतो आणि चित्र तिथेच गोठतं. सिनेमा संपला. बापाजवळ सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मी दुसऱ्यांदा पाहताना समजलो. पहिल्यांदा वाटलं, प्रोजेक्टर बिघडला.

फोरमनचे स्वतःचे आईवडील नाझी छावण्यांत गेले. ज्याला बापाचं व्याख्यान ऐकायला मिळालं नाही त्याने ते इतकं हुबेहूब टिपावं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

‘धुसफूस’ लिहा. ‘पिढ्यांमधली धुसफूस’. संघर्षाला दोन बाजू आणि मैदान लागतं. इथे एक स्वयंपाकघर आहे, आणि खरी सत्ता बापाकडेही नाही, पोराकडेही नाही.

प्रतिसाद २

‘धुसफूस’ला अनुमोदन. ‘पेलीश्की’ तर सगळाच त्यावर. १९६७ च्या नाताळपासून ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे येईपर्यंतचा काळ. एकाच इमारतीत दोन बाप. एक लष्करी अधिकारी, कम्युनिस्ट पक्षावर श्रद्धा असलेला. दुसरा पक्षाच्या नावाने बोटं मोडणारा. जेवणाच्या टेबलावर दोघे सारखेच असह्य! अधिकारी बाप कौतुकाने पूर्व जर्मनीचे प्लास्टिकचे चमचे आणतो. गरम कॉफीत घालून ढवळतात, तर चमचा मऊ पडून वाकतो. तो ओला, वाकडा चमचा हातात धरून तो मनापासून विचारात पडतो की तिकडच्या कॉम्रेडांचं नेमकं चुकलं कुठे. झेक लोक आजही काही फसलं की हेच वाक्य टाकतात. बापाशी वाद घालायची पोराला गरजच उरत नाही, चमचाच घालतो.

प्रश्नकर्ती

धुसफूस नक्की. आता नावं. ‘पेलीश्की’ म्हणजे म्हणे ऊबदार बिळं?

प्रतिसाद २

‘पेलेख’ म्हणजे जनावराची बसायची-निजायची जागा. ‘पेलीशेक’ हे त्याचं लाडकं, लहान रूप, कुत्र्यामांजराच्या गादीलाही म्हणतात. ‘बिळं’ म्हटलं की उंदीर आणि साप आठवतात. लाडिकपणा ‘घरकुल’मध्ये आहे, पण घरकुल म्हटलं की सरकारी योजनेचा अर्ज डोळ्यांसमोर येतो. मी ‘कुशी’ सुचवेन.

प्रतिसाद १

‘कुशी’ म्हटलं की अंगाई. त्यापेक्षा मूळ नाव ठेवा, खाली एक ओळ अर्थ द्या.

मेंझेलच्या सिनेमासाठी मात्र मराठी तयार आहे: ‘डोळ्यांत तेल घालून राखलेल्या गाड्या’. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्कराच्या खास आगगाड्यांना ते नाव होतं, आणि स्टेशनवरचा शिकाऊ मिलोश त्या बघण्याऐवजी स्वतःच्या पौरुषाच्या काळजीत असतो. त्याचे आजोबा संमोहन करणारे. जर्मन रणगाडे नजरेने थोपवायला गेले आणि त्यांच्याखालीच सापडले. घराण्याचा वारसा म्हणून पोराच्या हाती एवढंच!

प्रतिसाद ४

आणि ‘चेर्नी पेत्र’? शब्दशः ‘काळा पेत्र’. तो तिकडचा मुलांचा पत्त्यांचा खेळ आहे. जोड्या लावून पानं टाकत जायची, एकाच पानाला जोडी नसते, ते शेवटी हातात राहील तो हरला. त्यावरून नको ते काम किंवा ठपका ज्याच्या माथी येतो त्याच्या हाती ‘चेर्नी पेत्र राहिला’ म्हणतात. मे महिन्यात आजीच्या ओसरीवर आम्ही हाच खेळायचो: गुलामचोर! सिनेमाचं नाव ‘गुलामचोर’ ठेवा. पोरगा चोर शोधायला नेमलाय आणि शेवटचं पान त्याच्याच हातात. याहून चपखल काय मिळणार?

प्रतिसाद ३

चपखल खरंच, पण १९६४ चा चेकोस्लोवाकिया आणि वर ‘गुलाम’! लोक राजकीय रूपक शोधत बसतील, आणि दिग्दर्शकाने तर पोराच्या ओठावरची लव दाखवलीय.

प्रश्नकर्ती

पत्रक छपाईला गेलं. शीर्षक: ‘मिसरूड आणि धुसफूस: तीन झेक सिनेमे’. काका म्हणाले, हे बरंय, पण मुली कुठे गेल्या यात? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ‘गुलामचोर’ कंसात टाकलंय.

प्रतिसाद १

अवांतर: आमच्याकडे कॅटमधून एक गुलाम काढून ठेवत. ओसरीवाल्यांकडे?

प्रतिसाद ४

आमच्यात एक राणी. तरी नाव गुलामचोरच.