शब्दचर्चा: ‘झपाटणे’, ‘धरणे’, ‘अंगात येणे’ – ‘सुपरनॅचरल’ मालिकेसाठी कोणता शब्द?

मूळ टिपण

‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका मी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत पाहिली असून तिच्या निवडक भागांवर मराठीत टिपणे लिहिण्याचे काम सध्या करीत आहे. सप्टेंबर २००५ ते नोव्हेंबर २०२० या काळात या मालिकेचे १५ पर्वांमध्ये ३२७ भाग प्रसारित झाले. त्यांच्यावर लिहिताना कथानक सांगणे अवघड जात नाही. लेखणी अडते ती एका क्रियापदापाशी. परकी शक्ती माणसाच्या शरीरात शिरते आणि त्याचा ताबा घेते, ही घटना मालिकेत वारंवार घडते, आणि तिला मराठीत नेमके काय म्हणावे याचा निर्णय मला प्रत्येक भागासाठी नव्याने करावा लागतो. शब्दांचा तुटवडा मुळीच नाही. झपाटणे, पछाडणे, धरणे, लागणे, बाधा होणे, अंगात येणे, वारे येणे, संचार होणे अशी मोठी रांग आपल्याकडे उभी आहे. मात्र ज्याच्या शरीरात ही शक्ती शिरते त्या माणसाची बाजू यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या रीतीने मांडतो, आणि या मालिकेचा सारा जीव त्या माणसाच्या बाजूतच आहे, असे माझे मत आहे.

‘झपाटणे’ हा शब्द आधी घेतो, कारण तो मला सर्वांत प्रिय आहे. ‘झपाटा’ या शब्दातील वेग आणि झडप त्यात आहेत. घर झपाटलेले असते, माणूस झपाटलेला असतो, आणि एखाद्या ध्येयाने झपाटून काम करणाऱ्याचे आपण कौतुकही करतो. पहिल्या पर्वाच्या ‘होम’ या नवव्या भागात सॅम आणि डीन हे भुताखेतांची शिकार करणारे विंचेस्टर बंधू कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथील आपल्या जुन्या घरी परततात. २ नोव्हेंबर १९८३ या दिवशी त्याच घरात त्यांच्या आईचा बळी गेलेला असतो. तेथील उपद्रव त्या वास्तूशी बांधलेला असल्याने ‘झपाटलेले घर’ हा प्रयोग कोणतीही ओढाताण न करता बसतो. त्याच पर्वाच्या अखेरच्या ‘डेव्हिल्स ट्रॅप’ या भागात मात्र पिवळ्या डोळ्यांचे पिशाच्च त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे जॉनच्या, शरीरात शिरते, आणि येथे हा शब्द दुहेरी काम करू लागतो. पत्नीच्या मृत्यूनंतर जॉन सूडाच्या ध्यासाने झपाटलेला आहेच. आता तो दुसऱ्या अर्थानेही झपाटला गेला आहे. डीनला संशय येतो तो वडिलांच्या मायेमुळे. पिशाच्चांना मारू शकणाऱ्या खास बंदुकीच्या मोजक्या उरलेल्या गोळ्यांपैकी एक खर्च केल्याबद्दल रागावण्याऐवजी वडील शाबासकी देतात, आणि हे आपले वडील नव्हेत, हे मुलगा तेथेच ओळखतो. पहिल्या झपाटलेपणाने अंगी बाणलेला कठोरपणा नाहीसा झाला, म्हणून दुसरे झपाटलेपण उघडे पडते. पहिल्या पर्वातील हा सर्वांत उत्तम रीतीने लिहिलेला प्रसंग आहे असे मी मानतो, आणि मराठीत तो सांगताना एकच शब्द दोन्ही अर्थ पेलतो याचा मला मनापासून आनंद होतो.

दुसऱ्या पर्वातील ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’ या भागात हाच शब्द अपुरा पडतो. सॅम अनेक दिवस बेपत्ता असतो आणि सापडतो तेव्हा त्याच्या कपड्यांवर दुसऱ्याचे रक्त असते. आपण खून केला, असे तो म्हणतो, आणि त्याच्या शरीरात पिशाच्च आहे हे प्रेक्षकाला बऱ्याच उशिरा कळते. ‘सॅम झपाटला होता’ असे लिहिले, तर त्याच्या मनाचाही त्या कृत्यात सहभाग होता असे ध्वनित होते, कारण झपाटलेला मनुष्य स्वतःच धावत असतो. त्याला कोणी दुसरा चालवीत नाही. येथे कोणते क्रियापद योग्य ठरेल? आणि चौथ्या पर्वापासून देवदूत येतात, जे माणसाने होकार दिल्याशिवाय त्याच्या शरीरात प्रवेशच करू शकत नाहीत, त्यांच्यासाठी कोणते? जाणकारांनी आपले मत अवश्य द्यावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर ‘धरणे’ असे आहे. ‘भुताने धरले’ या प्रयोगात धरणारा आणि धरला गेलेला हे दोघे स्पष्टपणे वेगळे राहतात आणि धरल्या गेलेल्याकडे कोणताही दोष जात नाही. ज्याला धरले आहे त्याला ‘झाड’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि ‘हे झाड सोड’ असे भुताला बजावले जाते. झाड जागचे हलत नाही, नकार देत नाही, वर चढून बसलेल्याला खाली पाडू शकत नाही. सॅमची त्या भागातील अवस्था यापेक्षा नेमक्या शब्दात सांगता येईल असे मला वाटत नाही.

‘पछाडणे’ मात्र मी येथे वापरणार नाही. कर्जाने पछाडलेला, दुखण्याने पछाडलेला असे आपण म्हणतो, तेव्हा पाठ न सोडणारा, माणसाला हळूहळू जेरीस आणणारा जाच त्यात अभिप्रेत असतो. मालिकेच्या पहिल्याच भागातील पांढऱ्या वस्त्रांतील स्त्रीचे भूत रस्त्यावर वाहनचालकांना गाठते, त्यांच्या जिवावर उठते, परंतु कोणाच्या शरीरात शिरत नाही. त्या रस्त्याला तिने पछाडले आहे, असे म्हणता येईल. आपल्या हातून मुलांचा जीव गेला म्हणून जी कधी घरी परतू शकत नाही, तिला स्वतःच्या अपराधाने पछाडले आहे, असे म्हणणे त्याहून खरे ठरेल.

आणखी एक गोष्ट नोंदवितो. क्रियापद निवडण्याआधी वाक्याची घडण तपासावी. ‘सॅमने खून केला’ आणि ‘सॅमच्या हातून खून झाला’ ही दोन वाक्ये मराठीत समान नाहीत. दुसऱ्या वाक्यात हात सॅमचा आहे, पण कर्तेपण त्याच्याकडे नाही. भागाच्या पूर्वार्धाविषयी लिहिताना सॅमच्या तोंडी पहिले वाक्य ठेवावे आणि पिशाच्च उघड झाल्यावर आपल्या निवेदनात दुसऱ्या वाक्याकडे वळावे, म्हणजे त्या भागातील कलाटणी केवळ विभक्तीच्या बदलातून वाचकापर्यंत पोहोचेल.

दुसरा प्रतिसाद

‘धरणे’ मान्य आहे. ‘अंगात येणे’ मात्र पिशाच्चासाठी वापरू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. या प्रयोगात येणारी शक्ती बहुधा दैवी असते, तिला प्रश्न विचारले जातात, तिचे उत्तर ऐकण्यासाठी माणसे थांबतात, आणि ती थोड्या वेळाने निघून जाते. ‘संचार होणे’ हा तर त्याहूनही आदराचा शब्द आहे. तेव्हा देवदूतांसाठी ‘संचार’ आणि पिशाच्चांसाठी ‘धरणे’ अशी सरळ वाटणी का करू नये?

याच ओघात ‘पिशाच्च’ या शब्दाबद्दल लिहितो. मूळ टिपणात तो सहज वापरला आहे, पण त्याचे समर्थन करणे आवश्यक आहे, कारण अनेक जण येथे ‘राक्षस’ किंवा ‘सैतान’ लिहितात. राक्षसाला स्वतःचे शरीर असते, तो दारात उभा राहिला तर दिसतो. मालिकेतील ही शक्ती काळ्या धुरासारखी वावरते आणि वावरण्यासाठी तिला दुसऱ्याचे शरीर लागते. शिवाय ही सारी एके काळी माणसेच होती आणि नरकयातनांनी त्यांचे हे रूप झाले, असा उलगडा तिसऱ्या पर्वात होतो. मेलेल्या माणसाशी असलेले नाते ‘पिशाच्च’ या शब्दात टिकून राहते. ‘राक्षस’ लिहिले की ते तुटते आणि त्या उलगड्यातील धक्काही नाहीसा होतो. ‘सैतान’ हा शब्द ल्युसिफरसाठी राखून ठेवावा. चौथ्या पर्वाच्या शेवटी तो बंधनातून सुटतो, आणि तोपर्यंत आपण प्रत्येक काळ्या डोळ्यांच्या जीवाला सैतान म्हणत आलो असू, तर खरा सैतान आल्यावर आपल्याकडे त्याला देण्यासाठी शब्दच उरणार नाही.

तिसरा प्रतिसाद

‘बाधा’ या शब्दाची जागा मला दुसऱ्या पर्वातील जिनच्या भागात दिसते. तेथील जिन इच्छा पुरवीत नाही. तो डीनच्या शरीरात आपले विष भिनवून त्याला एका सुखाच्या स्वप्नात गुंतवून ठेवतो, आणि त्या स्वप्नात त्याची आई जिवंत असते. भूतबाधा आणि विषबाधा या दोन्ही शब्दांत हीच ‘बाधा’ असल्याने येथे दुसऱ्या शब्दाचा शोध घेण्याचे कारण नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

‘धरणे’ आणि ‘झाड’ या दोन्ही सूचना मी कृतज्ञतेने स्वीकारतो, आणि ‘हातून’ या प्रयोगाबद्दल तर विशेष आभार मानतो. ‘पिशाच्च’ आणि ‘सैतान’ यांच्यातील वाटणीही पूर्ण पटली.

देवदूतांसाठी ‘संचार’ स्वीकारताना मात्र मला दोन अडचणी दिसतात. संचार अल्पकाळाचा असतो आणि कॅस्टिएल हा देवदूत एका माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतो, ही पहिली अडचण. दुसरी त्याहून गंभीर आहे. ‘संचार’ या शब्दातील आदरामुळे तो ज्याच्या शरीरात होतो त्या माणसाचे दुःख झाकले जाते. चौथ्या पर्वातील ‘द रॅप्चर’ हा भाग पाहावा. कॅस्टिएल काही काळासाठी निघून जातो आणि जिमी नोव्हाक नावाचा एक साधा गृहस्थ शुद्धीवर येतो, ज्याने श्रद्धेपोटी होकार दिला होता आणि ज्याला त्या होकाराची किंमत ठाऊक नव्हती. तो पुन्हा आपल्या घरी जातो, पण ते सुख टिकत नाही. शेवटी कॅस्टिएल त्याच्या लहान मुलीच्या शरीरात प्रवेश करतो आणि जखमी जिमी आपल्या मुलीला सोडून पुन्हा मलाच घे, अशी विनवणी करतो. या मालिकेतील पिशाच्चांच्या क्रूरपणाने मला कधी इतके अस्वस्थ केले नाही, जितके या देवदूताच्या शांतपणाने केले. तो जबरदस्ती करीत नाही, नियम पाळतो, होकार मागतो आणि तरीही एका माणसाचे सारे आयुष्य घेऊन जातो.

म्हणून ‘संचारा’ऐवजी मला ‘पात्र’ हे नाम अधिक योग्य वाटते, आणि क्रियापद त्याच्या आधाराने घडवावे असे सुचवितो. देवदूत ज्या माणसात राहतो त्याला मूळ इंग्रजी संवादांत भांड्याच्या अर्थाचाच शब्द योजला आहे, आणि आपल्या ‘पात्र’ या शब्दात त्याच्या जोडीने आणखी दोन अर्थ नांदतात. पात्र म्हणजे भांडे, पात्र म्हणजे नाटकातील व्यक्ती, आणि पात्र म्हणजे लायक; सत्पात्री दान म्हणतो त्यातील. मालिकेत हे तिन्ही अर्थ लागू पडतात. विशिष्ट रक्ताच्या वंशातील माणूसच थोर देवदूताचे तेज सहन करू शकतो, म्हणजे तो लायक आहे. त्याला रिकामे करून भरले जाते, म्हणजे तो भांडे आहे. आणि थोर देवदूत मायकेल व ल्युसिफर यांच्या ठरलेल्या युद्धात त्याने कोणती भूमिका करायची हे आधीच लिहून ठेवलेले आहे, म्हणजे तो नाटकातील पात्र आहे. पाचवे पर्व हे दोन भावांनी हे पात्रपण नाकारण्याची कथा आहे, असे मी एका वाक्यात सांगेन. मालिकेचे जनक एरिक क्रिप्की यांनी मूळ कथा पाच पर्वांचीच योजली होती आणि तेवढ्याच पर्वांची सूत्रे त्यांच्या हाती होती. त्या पाच पर्वांची बांधणी पुढच्या दहांपेक्षा घट्ट आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण बहुतांशी या एका कल्पनेत आहे.

पहिल्या प्रतिसादाच्या लेखकाचे पुन्हा उत्तर

‘पात्र’ अप्रतिम आहे. क्रियापद ‘पात्र होणे’ असे ठेवावे. ‘पात्र करणे’ नको, कारण होकार माणसाचा आहे.

त्या होकारासाठीही एकच शब्द पुरणार नाही, याकडे लक्ष वेधतो. ‘राजी होणे’ यात मनाची खुशी आहे. ‘कबूल होणे’ यात व्यवहार आहे, पुढच्या जबाबदारीची जाणीव आहे. ‘होकार देणे’ यात केवळ शब्द आहे, मन कोठेही असो. जिमी पहिल्यांदा राजी होतो. दुसऱ्यांदा, मुलीसाठी, तो कबूल होतो. ‘स्वान साँग’ या पाचव्या पर्वाच्या अखेरच्या भागात सॅम ल्युसिफरला देतो तो निव्वळ होकार आहे, कारण आतून त्याला सैतानाला त्याच्या विवरात पुन्हा कोंडायचेच आहे.

त्याच भागासाठी एक शब्द आपण अजून शोधलेला नाही. ल्युसिफर सॅमच्या हातांनी डीनला मारहाण करीत असताना सॅमची नजर त्यांच्या १९६७ सालच्या इम्पाला गाडीत लहानपणी अडकवून ठेवलेल्या खेळण्यातील सैनिकाकडे जाते आणि तो आपल्या शरीराचा ताबा परत घेतो. तेथे आपण काय लिहाल?

मूळ लेखकाचे उत्तर

‘शुद्धीवर आला’ असे लिहिणार नाही, कारण तो बेशुद्ध नव्हता. आत राहून सारे पाहत होता. ‘भानावर आला’ यात त्याचे स्वतःचे बळ दिसत नाही, आणि ‘ताबा मिळविला’ हे एखाद्या जागेच्या वादासारखे वाटते. बराच विचार करून मी ‘सावरणे’ या शब्दावर आलो आहे. पडता पडता मनुष्य स्वतःला सावरतो, तोल त्याचा त्यालाच परत मिळतो, आणि हे काम त्याच्यासाठी दुसरे कोणी करू शकत नाही. माझ्या टिपणातील वाक्य आता असे राहील: ‘सॅमने स्वतःला सावरले, भावाकडे पाहिले आणि मायकेललाही सोबत ओढत त्या विवरात स्वतःहून उडी घेतली.’