'अनधिकृत वकिली' की आणखी काही?

रानजाई: गावोगावी वाटायची एक माहितीपत्रिका मराठीत करतेय. विषय अधिवक्ता अधिनियम १९६१: सनद (बार कौन्सिलचा वकिलीचा दाखला) नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. मी शीर्षक दिलं 'अनधिकृत वकिली'. संपादकांना हवंय 'विनापरवाना विधिव्यवसाय'. आईला वाचून दाखवलं तर म्हणते, "विधी म्हणजे लग्नामुंजीचे? भटजींना परवाना कधीपासून लागायला लागला?"

काळाकोट: आई बरोबर आहेत. शिवाय परवाना बंदुकीला, दारूच्या दुकानाला. वकिलाला सनदच. सरळ 'बिनसनदी वकिली' लिहा.

शुद्धमती: सनद अरबी, वकील अरबी. मराठी पत्रिकेत निदान 'अधिवक्ता' तरी येऊ द्या.

काळाकोट: अधिवक्ता पाटीवर लिहायला बरा. पक्षकार अजून "वकीलसाहेब, तारीख कधीची?" असंच विचारतो.

जुनीबखर: पेशवाईत वकील कोर्टात उभाच राहत नसे, तो परदरबारी धाडलेला माणूस. १७८४ त दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी प्रतिनिधी, केलं ते काय दावे लढवायला? दुसऱ्याच्या वतीने बोलणारा तो वकील. 'वकीलपत्र'ही त्यातलंच.

तालुक्याचीवाट: मग आमच्या मामांचं काय? तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसायचे, बाँडरायटर. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे', चतुःसीमा, खाली डाव्या अंगठ्याचा निशाण. पंचक्रोशीतले निम्मे दस्त त्यांच्या हातचे. ही बिनसनदी वकिली?

काळाकोट: २०१८ च्या ए. के. बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोर्टाबाहेरचा सल्ला आणि मसुदाही वकिलीतच धरलाय.

तालुक्याचीवाट: तो खटला परदेशी वकिलांचा होता! आणि कलम ४५ न्यायालय किंवा प्राधिकरणापुढच्या वकिलीबद्दल बोलतं. मामा लिंबाखाली बसत.

काळाकोट: निकालातलं तत्त्व लिंबाखालीही लागू होतं. मामांवर खटला भरा असं कोण म्हणतंय?

भोंगा: कामगार न्यायालयात उलटाच न्याय. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे युनियनचा पुढारी हक्काने बोलायचा. वकील उभा करायचा तर समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागायची. ग्राहक आयोगापुढेही वकील नसलेला प्रतिनिधी चालतो, २०११ चा निकाल आहे. त्यामुळे 'अनधिकृत' म्हणताना कुठे ते सांगावंच लागेल.

रानजाई: आणि मुखत्यार?

काळाकोट: कुलमुखत्यार हजर राहील, अर्जावर सही करील. युक्तिवाद करू शकत नाही. लोक 'केस चालवतो' म्हणतात त्यात हे दोन्ही कालवून टाकतात, गोची तिथे आहे.

शुद्धमती: 'तोतया वकील' का नको? अस्सल मराठी, पोरालाही कळेल.

तालुक्याचीवाट: तोतया म्हणजे खोटी सनद दाखवणारा. मामांनी कधी कोट घातला नाही. पाटीवर 'दस्तलेखक' एवढंच.

शुद्धमती: तोतया हा तोत्यावरून, म्हणजे पोपटावरून, आला असावा. पढवलेलं बोलतो तो.

जुनीबखर: हिंदी पोपट कशाला उडवताय? सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला १७७६ त देहान्त शासन झालं. त्याच्या आधीच्या कागदात हा शब्द सापडतो का, ते बघा आधी.

शुद्धमती: तुम्हीच बघा. माझ्याकडे कोश आहे, बखरी नाहीत.

भोंगा: आमच्याकडे नाटकात दुसऱ्याची भूमिका ऐनवेळी करणाऱ्यालाही तोतया म्हणायचे. कुणी ऐकलंय?