‘पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर हरेल’ : सिद्ध झालंय म्हणे!

खवट_खोबरं : आज पुन्हा तोच फॉरवर्ड : ‘लढाऊ वृत्तीचे रुग्ण जास्त जगतात, संशोधनाने सिद्ध.’ हे कशावरून? १९७९ चा ग्रीअर यांचा लंडनचा अभ्यास. स्तनाच्या कॅन्सरच्या सत्तरसुद्धा बायका नव्हत्या, आणि आजार काखेतल्या गाठींपर्यंत गेला होता का, याचा हिशेबच धरलेला नव्हता. १९९९ मध्ये वॉटसन यांनी ५७८ बायकांवर पाच वर्षं तेच तपासलं. लढाऊ वृत्तीचा आयुष्यावर परिणाम सापडला नाही. दोन्ही पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातले, पण फिरतो फक्त पहिला. वर रुग्ण खचला की घरचे म्हणणार, ‘तूच हरलीस’.

सरळसोट : अर्धंच सांगितलंत. वॉटसनच्याच पेपरात हताशेचा स्कोअर जास्त असलेल्यांचा धोका वाढलेला दिसतो. आणि स्पीगल, १९८९? पसरलेल्या कॅन्सरच्या ८६ बायका. गटात बसून बोलणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. हे सोयीस्कर विसरलात?

रकाना_क्र_२८ : विसरलो नाही, पुढचं वाचलंय. गुडविन, २००१, तसाच गटाचा प्रयोग, २३५ बायका : आयुष्य तेवढंच, पण मनाचा त्रास आणि दुखणं कमी. खुद्द स्पीगलनी २००७ मध्ये १२५ बायकांवर प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही एकूण गटात आयुष्य वाढलं नाही. आणि हताशा कमी म्हणजे लढाऊपणा जास्त, असं नसतं हो. प्रश्नावलीत त्या मोजायच्या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत.

पांढरा_एप्रन : पट्ट्यांचं निघालंच आहे तर मिनी-मॅक घ्या, रुग्ण कॅन्सरला मनाने कसा सामोरा जातो ते मोजणारी प्रश्नावली. २९ विधानं, किती पटतं त्याप्रमाणे प्रत्येकाला १ ते ४ गुण. त्यात ‘मी स्वतःला देवाच्या हाती सोपवलंय’ हे नियतिवादाच्या खात्यात. आपल्याकडे केमोची एकही तारीख न चुकवणारी बाई ‘पांडुरंगावर सोडलंय’ म्हणते. तिने त्या विधानाला चार दिले की ती नियतिवादी!

सरळसोट : पांडुरंगाला कशाला ओढता? विषय काय, चाललंय काय! आणि त्याच खात्यात ‘आयुष्य किती मोलाचं ते आता कळलं’ हेही विधान आहे. म्हणजे ते खातं वाईट नाहीच. नाव वाचून निष्कर्ष काढायचा आणि आम्हाला अर्धवट म्हणायचं.

पांढरा_एप्रन : तेच तर रडगाणं आहे! नावावरूनच निष्कर्ष निघतात. ‘देवावर सोडलं’ म्हणजे औषध बंद करून सोडलं, की औषध घेऊन निकाल सोडला? म्हणून अशी प्रश्नावली मराठीत आणायची रीत : दोन स्वतंत्र भाषांतरं, ती जुळवून एक, मग मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट भाषांतर, शेवटी दहाएक रुग्णांना विचारायचं : ‘हे वाचून मनात काय आलं?’ ही शेवटची पायरी गाळली की बट्ट्याबोळ. हॅड्स या चिंता-नैराश्य मोजणाऱ्या इंग्रजी प्रश्नावलीत भीतीने ‘पोटात फुलपाखरं’ आहेत. शब्दशः केलंत तर आजी हसतील. ‘पोटात गोळा येतो’ लिहा. पण पोटाच्या कॅन्सरवाला खऱ्या गोळ्याबद्दल उत्तर देतो, त्याचं काय?

रकाना_क्र_२८ : आणि फॉर्म भरतं कोण? सून! सासूबाईंना आजाराचं नावच सांगितलेलं नाही, मग ‘गेल्या आठवड्यात काळजी वाटली का’ला उत्तर सुनेच्या काळजीचं. स्कोअरिंगमध्येही घोळ. क्यूएलक्यू-सी३० या कॅन्सर रुग्णांच्या जीवनमानाच्या प्रश्नावलीत भावनांचे प्रश्न २१ ते २४, उत्तर १ (अजिबात नाही) ते ४ (खूप). उत्तरं २, ३, २, ३ आली तर सरासरी २.५, त्यातून १ वजा, ३ ने भागा, १ मधून वजा करा, शंभराने गुणा : ५०. इथे जास्त आकडा चांगला. वेदनेच्या पट्टीत जास्त म्हणजे वाईट, तिथे ‘१ मधून वजा’ नाही. दोन्हीला एकच सूत्र लावलं की दुखणं वाढलेला रुग्ण सुधारलेला दिसतो. चारपैकी दोन उत्तरं असली तरी त्यांची सरासरी चालते. एकच असेल तर ती पट्टी सोडायची. कोरा प्रश्न १ धरणाऱ्यांना मात्र साष्टांग नमस्कार.

सरळसोट : गणिताबद्दल आभार, गुरुजी. आता टेमेल, २०१०. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण, त्यातल्या साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी. त्यांचं जीवनमान सुधारलं आणि आयुष्यही ११.६ महिने, बाकीच्यांचं ८.९. बोला!

खवट_खोबरं : बोलतो की. त्यांना कुणी ‘हसत राहा’ सांगितलं नव्हतं. दुखणं, धाप, झोप यांवर टीम नियमित भेटली, पुढचे निर्णय बोलली. नैराश्याची लक्षणं १६ टक्क्यांत, नेहमीच्या उपचारांत ३८.

सरळसोट : ठीक. ‘लढाऊ’ मागे घेतो. हताशा नाही घेत.

खवट_खोबरं : हताशा ठेवा तुमच्याकडे. पण ती दिसली तर आधी दुखण्याचा स्कोअर बघा, भाषण नंतर.

पांढरा_एप्रन : आणि फुलपाखरांचं कुणी बोलणार आहे का?