दगडावरच्या शेवाळातली होडी न वळता मागं कशी फिरते?

भोगावतीकाठ:
राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. परवा सातवीच्या पोरांना ओढ्यावर नेलं होतं. पाण्यातल्या दगडांवर चहाच्या रंगाचं बुळबुळीत असतं ना, ज्याच्यावरून दरवर्षी कुणीतरी घसरतंच (यंदा मी), ते जुन्या टूथब्रशने खरवडून ताटलीत घेतलं. फोल्डस्कोपखाली (कागदी सूक्ष्मदर्शक) धरलं तर पिवळसर होड्याच होड्या, दोन्ही टोकं निमुळती. डायटम (एकपेशीय शैवाल) असणार, एवढं कळलं. पण एक होडी सरळ गेली, मातीच्या कणाला धडकली, थांबली आणि न वळता तशीच उलटी निघाली! शेपूट नाही, केस नाहीत. एक पोरगी म्हणाली, "बाई, हिला रिव्हर्स गिअर हाय." मी "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली. तो उद्या काल होऊन गेला. कुणी सांगेल का?

रानवेडा:
युग्लीना असेल, तोही पाण्यातला एकपेशीय जीव. शेपूट बारीक असते, पटकन दिसत नाही.

काचपट्टी:
युग्लीना नव्हे हो. ती हिरवी असते आणि अंग आक्रसते. बाईंच्या होडीचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचच, ते आक्रसणार कसं? रंग पिवळा-तपकिरी, कारण फ्युकोझँथिन या तपकिरी रंगद्रव्यापुढे हरितद्रव्याचा हिरवा रंग झाकला जातो.

आता गिअर. या जातींच्या कवचाला लांबीत एक चीर असते, तिला रॅफी म्हणतात. चिरेतून चिकट द्राव बाहेर येतो, काचपट्टीला धरतो आणि पेशी त्याला मागं रेटत पुढं सरकते. आतलं काम ॲक्टिन-मायोसिन या प्रथिनांचं, आपल्या स्नायूंत असतात तीच. रेटा उलटा झाला की होडी उलटी. म्हणून टेकायला काहीतरी लागतं, पाण्यात अधांतरी असताना ही होडी चालत नाही. वेग सेकंदाला फार तर 20-25 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

पोरांना याहून भारी गोष्ट सांगा. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि ते नाव अगदी नेमकं आहे. कवच कुंकवाच्या करंड्यासारखं, तळ आणि त्यावर जरा मोठं झाकण. पेशी दुभंगते तेव्हा एकीला झाकण मिळतं, दुसरीला तळ. पण दोघी आपापल्या वाट्याचं ते झाकण म्हणूनच वापरतात आणि आत बसेल असा नवा तळ करतात. म्हणजे तळ वाट्याला आलेली दर वेळी किंचित लहान!

माशांचा_बाप:
नव्या टाकीच्या काचेवर येणारा तपकिरी थर तो हाच. मी दर रविवारी घासायचो. पाण्यातलं सिलिका संपत आलं तसा आपोआप कमी झाला. माझे रविवार फुकट गेले.

भोगावतीकाठ:
@काचपट्टी, आज जेवणाच्या सुट्टीत एकात एक बसणारे स्टीलचे डबे घेऊन करून दाखवलं. सगळ्यात छोट्या डब्यापाशी रिव्हर्स गिअरवालीच म्हणाली, "मग शेवटी संपतीया व्हय?"

काचपट्टी:
पोरगी जोरात आहे. नाही संपत. फार लहान झालेल्या दोघी जवळ येतात, मीलन होतं, जुनी कवचं टाकून दिली जातात. उघडी पेशी फुगते (ऑक्सोस्पोर) आणि मग पूर्ण मापाचा नवा करंडा घडवते.

आणि तुम्ही राधानगरीच्या, म्हणून सांगतो. एच. पी. गांधी यांनी 1950च्या दशकात कोल्हापूर आणि राधानगरी परिसरातल्या डायटमचा अभ्यास करून जातींची वर्णनं छापली आहेत. आजही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डायटमवर काम चालतं.

भोगावतीकाठ:
राधानगरीच्या?? आमच्या? उद्या हजेरीच्या आधी हेच सांगते. टूथब्रश मात्र नवा आणावा लागेल, जुना पोरांनी पळवला. घरोघरची टाकी खरवडणं सुरू आहे.